हायड्रोजन कुठे जातो ते बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) द्रवातून शुद्ध जिवाणू वेगळा काढता आला, याचा आनंद तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतो. तो व्हायलाच हवा. प्राणवायू लागला की मरणारे हे जीव! रॉबर्ट हंगेट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं नळी फिरवून तिच्या आतल्या बाजूला आगरचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीचा, पातळ थर चढवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे ते नीट हाती येऊ लागले.

मी पहिल्या वर्षी रुमिनोकॉकस अल्बस हा कोटीपोटातला जिवाणू वाढवला होता. सेल्युलोज, म्हणजे चाऱ्यातले धागे, फोडून तो ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) करायचा आणि सोबत बरंच इथेनॉल (अल्कोहोल). वहीत नोंद करून मोकळा झालो. मग म्हशीच्या कोटीपोटातला द्रव तपासला, तर इथेनॉल जवळपास नाहीच. दोन महिने मी मोजणीतली चूक शोधत बसलो. मोजणी बरोबर होती. माझ्या बंद बाटलीत हायड्रोजन साचत होता. तो साचला की जिवाणूला जादा इलेक्ट्रॉन टाकायला दुसरी वाट लागते, ती वाट म्हणजे इथेनॉल. जनावराच्या पोटात शेजारचे मिथेन करणारे आर्किया (जिवाणूंसारखे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) हायड्रोजन तयार होताच उचलतात. मग हा जिवाणू इथेनॉलच्या वाटेला जातच नाही. ॲसिटेट वाढतं, त्यात त्याला एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, जास्त मिळतं, आणि म्हैस त्याच ॲसिटेटपासून दुधातलं फॅट बनवते. कडबा खाऊन दूध देणं या शेजारावर उभं आहे, हे त्या दिवशी मला खऱ्या अर्थानं कळलं.

मार्विन ब्रायंट हे नाव लक्षात ठेव. कोटीपोटातल्या जिवाणूंचा मोठा अभ्यासक. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की हा एकच जीव आहे असं कित्येक वर्षं सगळे मानत होते. 1967 मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोन जीव आहेत. एक इथेनॉलपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा त्या हायड्रोजनचं मिथेन करतो. दुसऱ्यानं हायड्रोजन उचलला नाही, तर पहिल्याची वाढ अडते. मला हा शोध फार जवळचा वाटतो.

मिथेन बंद करायच्या उपायांवर तुला लिहायचं आहे. जरूर लिही. गाईच्या चाऱ्यातली ऊर्जा मिथेनच्या रूपानं ढेकरेतून वाया जाते, हे खरंच आहे. पण प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचार: आता हायड्रोजन कोण घेणार? प्रोपिओनेट (जनावराला ऊर्जा देणारं आम्ल) करणाऱ्या जिवाणूंकडे वळला तर जनावराचा फायदा. साचून राहिला तर धागे फोडणारेच मंदावतील. आणि प्रोटोझोआ (कोटीपोटातले एकपेशीय जीव) विसरू नकोस, कितीतरी आर्किया त्यांच्या अंगाला चिकटून किंवा आत राहतात.

पुढच्या आठवड्यात तुझा जिवाणू वोलिनेला सक्सिनोजेन्स या हायड्रोजन घेणाऱ्या जिवाणूबरोबर एका बाटलीत वाढव. फ्युमरेट (हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन स्वीकारणारं रसायन) घालायला चुकू नकोस, त्याशिवाय वोलिनेला हायड्रोजन घेणार नाही. शेजारी तुझ्या जिवाणूची एकट्याची बाटली ठेव. दोन्हींतलं इथेनॉल, ॲसिटेट आणि हायड्रोजन मोज, आणि आकडे मला कळव.

तुझा,
सर