ना पाहुणी, ना घरची

प्रिय ‘ना पाहुणी, ना घरची’,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग ऑकलंडला बालशाळेत शिकवणाऱ्या माझ्या भाचीशी तासभर फोनवर बोलले, आणि आता लिहायला बसले आहे.

इतर वाचकांसाठी तुझी हकीकत थोडक्यात सांगते. तू निफाड तालुक्यातली, २४ वर्षांची. बी.कॉम.नंतर न्यूझीलंडला बालशिक्षणाची वर्षाची पदविका करायला गेलीस. सध्या प्रॅक्टिकम सुरू आहे, म्हणजे दिवसभर सेंटरमध्ये मुलांबरोबर. राहतेस एका कुटुंबात, दर आठवड्याचे पैसे भरून. नवरा, बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. पहिल्या महिन्यात एकदा ‘जरा हिच्याकडे बघशील का?’ असं विचारलं गेलं, आणि आता आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ती तुझ्याच गळ्यात असते. दुसऱ्या दिवशीची तयारी रात्री अकरानंतर. जेवणात पोट भरत नाही. त्या बाईंना नावानं हाक मारणं जमत नाही, म्हणून तू हाकच मारत नाहीस. सेंटरमधल्या असोसिएट टीचरनं, म्हणजे तुझ्यावर देखरेख करणाऱ्या शिक्षिकेनं, लिहून दिलं आहे की तू मुलांसाठी जास्तच करतेस आणि मॅट टाइमला, म्हणजे सगळी मुलं चटईवर एकत्र बसतात तेव्हा, गप्प बसतेस. त्यात बाबा फोनवर म्हणतात, ‘बालवाडीच शिकवायची होती तर एवढे लाख कशाला घातले?’ शेवटी तू विचारलंस, “मावशी, घर बदलू, की सरळ परत येऊ?”

आत्ता तरी दोन्ही नको. तुझ्या चार पानी पत्रात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही. यातलं काहीही तू त्या घरात किंवा सेंटरमध्ये कुणाला बोलून दाखवलेलं नाहीस. सगळं मला लिहिलंस. ते बरंच केलंस, पण मी त्या घरात राहत नाही.

आधी जेवणाचं, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. वाढणारी आग्रह करते, आपण ‘बास बास’ म्हणतो, आणि पानात आणखी एक पोळी पडते. तिथे भांडं पुढे आलं, तू ‘नो, थँक्यू’ म्हणालीस, आणि भांडं गेलं. त्यांच्या लेखी त्यांनी तुझ्या शब्दाचा मान राखला. पुन्हा विचारणं म्हणजे मागे लागणं, असं त्यांना वाटतं. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हण. आणि ‘मला रात्री भात लागतो, मी आठवड्यातून दोनदा स्वयंपाक केला तर चालेल का?’ असं विचार. खूश होतील. भाचीनं आणखी एक सांगितलं आहे, तुला अजून कळलं नसेल तर: ‘टीला ये’ म्हणाले तर ते बहुतेक वेळा रात्रीचं जेवण असतं, आणि ‘प्लेट घेऊन ये’ म्हणाले तर रिकामी ताटली न्यायची नाही, पदार्थ न्यायचा.

आता त्या गमबुटाकडे येते. तुझ्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला प्रसंग तो, आणि तू तो जाता जाता दोन ओळींत लिहिला आहेस. पावसात बाहेर जायचं होतं. तीन वर्षांचा मुलगा जमिनीवर बसून उजवा बूट डाव्या पायात घालत होता. टाच अर्ध्यात अडकली होती. तू वाकलीस, दोन सेकंदांत दोन्ही बूट घालून दिलेस. त्यानं ते दोन्ही काढले, शेजारी ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तू लिहिलंस, ‘त्याला राग आला असावा.’

अगं, तो कामात होता! तू त्याचं काम काढून घेतलंस. मी ३० वर्षं बालवाडी घेतली आहे, आणि नाक पुसणं, घास भरवणं, बटणं लावणं हे हातांना किती आपसूक होतं ते मला ठाऊक आहे. आपली माया हातांतूनच बाहेर पडते. ती माया खोटी नाही, ती सोडूही नकोस. पण त्या पोराजवळ मांडी घालून बस, हात स्वतःच्या मांडीवर ठेव, आणि पाच मिनिटं जाऊ दे. त्यानं तुझ्याकडे पाहिलं, तर विचार, ‘मदत हवी का?’ त्यानं हो म्हटलं तरी फक्त बुटाची मागची कड धर. पाय तो घालेल.

तिथल्या बालशिक्षणाचा सगळा भर याच्यावर आहे. त्यांचा अभ्यासक्रम ‘ते फारिकी’ १९९६चा, २०१७ साली नव्यानं मांडलेला. फारिकी म्हणजे माओरी भाषेत, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, विणलेली चटई. स्वास्थ्य, आपलेपण, सहभाग, संवाद आणि शोध हे तिचे पाच पदर. अमुक वयाला अमुक अक्षरं आलीच पाहिजेत, असा तक्ता त्यात नाही. मूल काय करत होतं, कुठे अडलं, पुन्हा कसं भिडलं, हे शिक्षिका गोष्टीसारखं लिहिते. त्याला लर्निंग स्टोरी म्हणतात, हे तुला माहीतच आहे. तुझी पुढची लर्निंग स्टोरी त्या बुटाची लिही. असोसिएट टीचरला दाखव, आणि ‘मी आधी चुकले, मग थांबले’ हेही तिला सांग.

हातांचा विषय निघालाच आहे तर एक जपायचं. माओरी लोकांत डोकं तापू, म्हणजे पवित्र मानतात. आपला हात सहज मुलांच्या डोक्यावरून फिरतो. तिथे तो आवर, पाठीवर ठेव. आणि जेवायच्या टेबलावर कधी बसू नकोस.

मॅट टाइमला गप्प बसतेस, कारण तुला इंग्रजी उच्चारांची लाज वाटते. त्या मुलांना उच्चारांशी काही देणंघेणं नाही. ती जेवणाआधी काराकिया म्हणतात, आपल्याकडे श्लोक म्हणतात तसा, आणि तू तो दोन आठवड्यांत पाठ केलास, असं तूच लिहिलं आहेस. मग तुझ्याकडचंही काही दे. तिथे ऐन हिवाळ्यात पहाटे जे तारे पुन्हा दिसू लागतात, ते मातारिकी. माओरी नववर्ष त्यांच्यावरून धरतात, आणि २०२२ पासून त्याची सार्वजनिक सुट्टीही असते. ते तारे म्हणजे आपल्या कृत्तिका! मातारिकी ही आई आणि भोवतीच्या तिच्या मुली, असं तिथे सांगतात. आपल्याकडे सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजून वाढवलं. ही गोष्ट त्या मुलांना तुझ्याखेरीज कोण सांगणार आहे? काळा कागद, पांढरा खडू आणि दहा मिनिटं पुरतील. टीचरला आधी विचारून घे, एवढंच.

आता ती संध्याकाळ. सेंटरमध्ये रडणाऱ्या पोराला तू दिवसातून वीसदा म्हणतेस, ‘काय हवंय ते तोंडानं सांग.’ घरी आल्यावर मात्र त्या बाईंनी तुझा चेहरा वाचावा, अशी तुझी अपेक्षा आहे. त्या वाचणार नाहीत. मला त्या वाईट वाटत नाहीत. तू हसून ‘हो’ म्हणालीस, मुलगी तुझ्या अंगाखांद्यावर खेळते, म्हणजे तुला हे आवडतं, असं त्यांनी धरलं असणार. पण तू पैसे भरून राहतेस आणि शिकायला गेली आहेस. तेव्हा असं म्हण: ‘मला ती फार आवडते. पण प्रॅक्टिकम असेपर्यंत मला संध्याकाळी अभ्यासाला वेळ लागतो. शुक्रवारी तासभर मी तिच्याशी खेळेन, बाकीच्या दिवशी जमणार नाही.’ माफी मागू नकोस, कारणांची माळ लावू नकोस. आणि त्यांना नावानं हाक मारून सुरुवात कर. तुझ्या सेंटरमधली तीन वर्षांची मुलं तुला नावानं हाक मारतात, त्यात तुझा अपमान होतो का? हाकच न मारणं हे त्यांना जास्त तुटक वाटत असेल.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. ‘मुलीला सांभाळ, आम्ही भाडं कमी करतो’ असं त्यांनी सुचवलं, तर लगेच हो म्हणू नकोस. तिथल्या कायद्यानं मोबदला घेऊन केलेलं ते काम, आणि राहणं-जेवण हाही मोबदलाच. विद्यार्थी व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचार. बोलूनही काही बदललं नाही किंवा घरात अबोला सुरू झाला, तर त्याच कक्षात जा आणि घर बदलायचं म्हणून सांग. विद्यार्थ्यांच्या देखभालीची सरकारी नियमावली आहे, २०२१ची, आणि ती तुझ्या कॉलेजला बंधनकारक आहे. तेव्हा मी तुला थांब म्हणणार नाही.

राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला बालवाडी चालवायला गेल्या आणि ती मुलांच्या अंगणात नेली, हे आपल्याच महाराष्ट्रात घडलं. लहान मुलांना शिकवणं हे हलकं काम नाही, हे बाबांना पटायला वेळ लागेल. तिथे दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, असा नियम आहे, हे त्यांना सांग. आकडा त्यांना कळेल. आणि त्या बुटाची गोष्ट मराठीत लिहून त्यांना फोनवर वाचून दाखव.

त्या बाईंशी शनिवारी सकाळी बोल, नाश्त्यानंतर, मुलगी खेळात असताना. रात्री दमलेली असताना नको. काय उत्तर आलं ते मला कळव. मनासारखं आलं नाही, तरी कळव.

तुझी,
मावशी