अण्णा, तिसरा हप्ता भरू नका

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागधारकाचं पत्र दसऱ्यानंतर आलं. त्यातला महत्त्वाचा भाग देतो.

«वय ४७. सोळा माग, टेरी टॉवेल. माल मुंबईच्या एका निर्यातदाराला देतो, त्यातला बराचसा अमेरिकेला जातो. गेल्या वर्षी पुतण्याच्या सांगण्यावरून व्हीएफएक्सचं, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर रचण्याचं, काम करणाऱ्या एका कंपनीचे साडेतीन लाखांचे शेअर घेतले. हॉलिवूडचं काम भारतात येतंय, तीन वर्षांत तिप्पट होतील, त्यातून मुलीचं इंजिनिअरिंग करू असा हिशेब होता. मुलगाही पुण्यात व्हीएफएक्सचाच कोर्स करतोय. आता ट्रम्प म्हणतात, परदेशात बनलेल्या सिनेमांवर शंभर टक्के टॅरिफ. शेअर २ लाख ७० हजारांवर आलेत. विकू की थांबू?

बाकी ठीक आहे. ऑर्डरी कमी झाल्यात. घरात महिना ५५ हजार येतात, आधी ९० यायचे. बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, २५ लाखांची, घर तारण, २१ वापरलेत, व्याज साडेअकरा टक्के. १४ नोव्हेंबरला विम्याचा २ लाख ४० हजारांचा तिसरा हप्ता आहे, यंदा सीसीतून काढून भरेन. बँकेतल्याच माणसाने एफडीपेक्षा चांगली म्हणून ही पॉलिसी दिली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ४८ लाख नक्की. विमा २४ लाखांचा. मेडिक्लेम काढला नाही, देवाच्या कृपेने गरज पडली नाही.»

अण्णा, आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. शेअर विका. पण सिनेमावरच्या टॅरिफला घाबरून नव्हे.

ते टॅरिफ ४ मे २०२५ ला पहिल्यांदा जाहीर झालं आणि २९ सप्टेंबरला पुन्हा. मी हे लिहितोय तो ऑक्टोबर २०२५ चा मध्य आहे. अजून नियम नाही, तारीख नाही, शुल्क नेमकं कशावर तेही सांगितलेलं नाही. टॉवेलचा कंटेनर बंदरात उतरतो, सोबत बिल असतं, बिलावर टक्केवारी लागते. सिनेमा आता रिळांच्या डब्यातून जात नाही, फाइल होऊन जातो. मग शंभर टक्के कशाचे? निर्मितीच्या खर्चाचे, हक्कांच्या किमतीचे, की तिकिटाचे? निम्मं शूटिंग अमेरिकेत आणि निम्मं हंगेरीत झालं तर तो सिनेमा परदेशी की देशी? जागतिक व्यापार संघटनेतले देश १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क न लावण्याच्या ठरावाला वेळोवेळी मुदतवाढ देत आले. शिवाय १९७७ च्या ज्या आणीबाणीच्या कायद्याखाली तुमच्या टॉवेलवर वाढीव शुल्क लागलं, त्याच कायद्यात पुस्तकं आणि चित्रपट वगळलेले आहेत. दुसरा एखादा कायदा काढून ते लावतीलही, पण वाट सोपी नाही.

व्हीएफएक्सच्या धंद्याला खरा धोका याहून जुना आहे. हॉलिवूडचे स्टुडिओ कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाला जातात ते तिथल्या सरकारांच्या करसवलतीसाठी, आणि भारतात काम पाठवतात ते स्वस्त मजुरीसाठी. गिऱ्हाईक मोजकेच. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर गेले, नटांचा संप ११८ दिवस चालला, आणि इथल्या स्टुडिओंचं काम आटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जुनी परदेशी कंपनी कोलमडली, तेव्हा बंगळुरू-मुंबईतल्या तिच्या स्टुडिओंमधली पोरं एकदम रस्त्यावर आली. त्या वेळी सिनेमावर कसलंही टॅरिफ नव्हतं. सोलापुरात जॉब वर्क करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एक पार्टी हलली की माग थांबतात.

आणि तीन वर्षांत तिप्पट म्हणजे दरसाल ४४ टक्के. हा आकडा पुतण्याने कधी मोडून पाहिला होता का? चांगल्या म्युच्युअल फंडातसुद्धा मी दीर्घ मुदतीला १२ च्या वर धरत नाही. मुलीची फी अशा आशेवर ठेवू नका.

आता टॉवेल. सिनेमावरचं टॅरिफ अजून हवेत आहे, टॉवेलवरचं तुमच्या वहीत उतरलंय. कापसाच्या टेरी टॉवेलवर अमेरिकेत आधीच ९ टक्क्यांच्या आसपास शुल्क होतं. ७ ऑगस्टला २५ वाढले, २७ ऑगस्टला आणखी २५. म्हणजे १०० रुपयांचा सोलापुरी टॉवेल तिथे १५९ ला पडू लागला. पाकिस्तानवर वाढीव १९ होते, त्यांचा १२८ ला. एकतीस रुपयांचा फरक कोणता गिऱ्हाईक सोसेल? तुमचे ९० चे ५५ झाले ते यामुळे. पत्रात तुम्ही याला एक वाक्य दिलंत आणि सिनेमाला अर्धं पान.

कमाई अमेरिकेच्या ऑर्डरीवर, शेअर अमेरिकेच्या ऑर्डरीवर, मुलाचं शिक्षणही त्याच ऑर्डरीच्या भरवशावर. घरातली सगळी सुतं एकाच बीमवर भरलीत. शेअर विकायला सांगतो त्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण साडेअकरा टक्क्यांचं. २ लाख ७० हजार सीसीत भरले की वर्षाला ३१ हजार व्याज वाचतं. हा नफा नक्की, आणि गरज पडली तर मर्यादेत तेच पैसे पुन्हा उचलता येतात. ८० हजारांचा तोटा बुडाला असं समजू नका. वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअरचा तोटा पुढच्या आठ वर्षांत तशाच दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. मात्र विवरणपत्र मुदतीत भरायला हवं.

मुलाला कोर्स पुरा करू द्या. हातात कसब आलं तर हैदराबादच्या तेलुगू सिनेमातही काम आहे, आणि पूर्व भागातल्या किती घरांचे सोयरे तिकडे आहेत ते तुम्हीच मोजा. फीसाठी नवं कर्ज मात्र नको.

खरं बोलायचंय ते पुढे आहे. «सीसीतून काढून भरेन» हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं.

२४ लाख भरा, ४८ लाख घ्या. दामदुप्पट, तीही हमीची. ऐकायला किती छान! पण पैसे वीस वर्षं अडकतात. हिशेब केला तर परतावा साडेचार टक्के पडतो. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतोय. तुमच्या आणि वहिनींच्या खात्यात मिळून हेच २ लाख ४० हजार दहा वर्षं भरले आणि पुढची दहा वर्षं हात लावला नाही, तर हाच दर राहिल्यास ७१ लाखांच्या घरात जातात. सरकारी हमीसकट. ४८ आणि ७१. एफडीपेक्षा चांगली म्हणून ही पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडले असते तर तुम्ही सही केली नसती. यंत्रमागधारकाची कमाई कधी वर कधी खाली. त्याला दहा वर्षांचा एवढा मोठा बांधील हप्ता विकणं मला अजिबात पटत नाही, मग विकणारा बँकेतला असो की सोयऱ्यातला.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन हप्ते गेलेत, ते गेलेच. आज पॉलिसी मोडली तर हाती येईल ती रक्कम आणि इथून पुढे भराल ते पैसे, एवढंच धरलं तर परतावा जरा बरा दिसतो, पावणेसहाच्या आसपास. एजंट नेमकं हेच सांगायला येईल की आता सोडलं तर नुकसान. पण ते पैसे तुम्ही साडेअकराने उचलणार आहात. २ लाख ४० हजारांवर वर्षाला साडेसत्तावीस हजार व्याज द्यायचं आणि पॉलिसीत चौदा हजारांची वाढ घ्यायची. असं आठ वर्षं.

शिवाय सीसी आहे सुतासाठी, मालासाठी, उधारीसाठी. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि उधारीचा हिशेब, देता ना? नव्वद दिवसांवरची उधारी बँक साधारणपणे धरत नाही. निर्यातदाराकडे पैसे अडकले की उचल करायची मर्यादा आपोआप खाली येते. २१ वापरलेत, त्यात हे अडीच गेले की २५ च्या तोंडाशी. मग दिवाळीनंतर सूत कशाने घेणार? आणि तारण घर आहे. निर्यातदाराला उधारीची आठवणही लेखी द्या. उद्यम नोंदणी असेल तर लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देण्याचं बंधन कायद्याने त्याच्यावर आहे.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. तुम्हाला काही झालं तर विम्याचे २४ लाख येतील. बँकेचे २१ जातील. वहिनी आणि दोन मुलांना उरतात ३ लाख. अण्णा, तुम्ही आजच्या कमाईतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे या पॉलिसीत घालताय, आणि घरच्यांच्या हातात सहा महिन्यांचा खर्च राहतो.

म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वयाच्या पासष्टीपर्यंत. ४७ व्या वर्षी तंबाखू आणि साखर नसेल तर हप्ता ढोबळमानाने वर्षाला पस्तीस हजारांच्या आसपास धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा भार कमी. अर्जात आजार, व्यसन काहीही लपवू नका. आणि अर्ज भरतानाच विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली पॉलिसी मागा. एक खूण करायची असते, नंतर करता येत नाही. ती केली की पैसे बायको-मुलांचेच राहतात, धंद्याच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. ज्याचं घर बँकेकडे आहे त्याने हे करायलाच हवं.

नवी पॉलिसी हातात पडली की मगच जुनी थांबवायची. वेळ आहे. १४ नोव्हेंबर चुकली तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तोवर जुना विमा चालू राहतो. वैद्यकीय तपासणीला यातले दिवस जातील, म्हणून अर्ज या आठवड्यातच करा.

दरम्यान विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या. आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढे काही न भरता तशीच राहू दिली, तर विसाव्या वर्षी किती. तुमच्यासारख्या पॉलिसीत दोन हप्त्यांनंतर साधारण ३० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार हातात येतात. पेड-अपचा आकडा नऊ लाखांच्या आसपास असेल तर ठेवून द्या, मुलीच्या नावाने विसरून जा. पाच लाखांच्या आत असेल तर सरेंडर करून पैसे सीसीत भरा. मधला काही आला तर मला कळवा, कागद बघून सांगेन. बँकेतल्या माणसाने लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काही आश्वासन दिलं असेल तर जपून ठेवा. आधी कंपनीकडे तक्रार, तिने दाद दिली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. त्यातून पैसे येतीलच असं धरून मात्र काही ठरवू नका.

मेडिक्लेम चौघांचा, निदान दहा लाखांचा, याच महिन्यात. एक बायपास म्हणजे तुमचं कित्येक महिन्यांचं उत्पन्न.

आणि पत्रात नाही ते विचारतो. मागांचा, मालाचा, शेडचा आगीचा विमा कितीचा आहे? बँकेने सीसीपुरता काढलेला असेल तर त्यात फक्त माल असू शकतो, माग नसतील. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत मे २०२५ मध्ये आठ जण गेले, सोलापूर ते विसरलेलं नाही. पॉलिसीची प्रत काढा, कशाकशाचा किती विमा आहे ते वाचा, आणि शेडमध्ये रात्री कुणी झोपत असेल तर ते आजपासून बंद करा. दोन लेखी आकड्यांबरोबर ती प्रतही मला पाठवा, दिवाळीच्या सुट्टीतही बघेन.