मे महिन्यातली गच्ची

अगं,

तुझा मेसेज रात्री दीडला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला आणि उत्तर टाइप करायला घेतलं तर ते वाढतच गेलं, म्हणून आता सरळ पत्रच लिहितोय. ऐरोलीची आयटीची ऑफर घेऊ की क्लायमेट टेकमध्ये जाऊ, आणि काका यात खरंच पैसा आहे का की नुसतं पर्यावरण पर्यावरण, असं तू विचारलंयस. क्लायमेट टेक हा तुमचा शब्द हां, मी वीस वर्षं भांडुपच्या गाळ्यात पॅनल बोर्ड बनवले आणि मग सोलरमध्ये आलो, आमच्यात याला गच्चीचं काम म्हणतात.

आधी माझी फजिती ऐक. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम सप्टेंबर २०१५ मध्ये आले, म्हणजे दिवसा गच्चीवर जास्त झालेली वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री घेतलेल्या युनिटातून ती वजा करायची, आणि मला वाटलं आता आपले दिवस आले. पुढच्या वर्षी मुलुंडच्या एका सोसायटीचं काम मिळालं. सर्व्हेला गेलो ते मेच्या मध्याला, दुपारी साडेबाराला, कारण कमिटीवाले तेव्हाच मोकळे होते. गच्ची बघून खूश! कुठे सावलीच नाही, ना टाकीची, ना शेजारच्या बिल्डिंगची. फोटो काढले, लेआउट केला, पॅनल चढले. आणि डिसेंबरात सेक्रेटरींचा फोन, अहो युनिटं निम्मी का येतायत?

आता तू इलेक्ट्रिकलची, तुला लगेच कळेल, मला तेव्हा कळलं नाही. मुंबईत १५ मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर, उभ्या खांबाचीसुद्धा सावली गायब होते, आणि मी नेमका त्याच दिवसांत सावली शोधायला गेलो होतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो, भर दुपारी पण साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणजे दहा फुटी टाकीची सावली दुपारीच नऊ फूट, आणि चार वाजता तर विचारूच नको. त्यात पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, दोन-तीन पॅनलवर सावली आली की ती अख्खी माळ (स्ट्रिंग) खाली बसते. ऑप्टिमायझर, म्हणजे एका पॅनलच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू नये म्हणून लावायचे डबे, लावले स्वतःच्या खिशातून, चार पॅनल उचलून जागा बदलली, त्या कामात मला एक रुपया सुटला नाही. पण तेव्हापासून कोणी "सोलरचा फायदा" म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठल्या महिन्यातला आणि किती वाजताचा?

हेच तुला सांगायचंय खरं तर. फायदा आहे, मोठा आहे, पण तो युनिटात मोजायचा, आणि कोणाच्या मीटरवर पडतो ते बघायचं. स्टार्टअपच्या प्रेझेंटेशनमध्ये हिरवी पानं असतात, युनिटं नसतात.

हिशोब करून दाखवतो, उदाहरण म्हणून धर. एक सोसायटी, कॉमन मीटरवर दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, महिन्याला दोन हजार युनिटं. गच्चीवर १५ किलोवॅट बसवले. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे पावसाळा धरून वर्षाला तेराशे-चौदाशे युनिटं मिळतात (जुलैत पार बोंब, मार्च-एप्रिलमध्ये मजा), म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आसपास. बिलातले सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पकड, वर्षाला दोन लाख वाचले. खर्च किलोवॅटला पंचावन्न हजार धरला तर सव्वाआठ लाख, त्यात केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी, म्हणजे दोन लाख सत्तर हजार गेले. उरले साडेपाच लाख. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल, आणि पॅनल पंचवीस वर्षं चालतं, मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल तेवढंच. आता पर्यावरण: आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, वीस हजार युनिटं म्हणजे वर्षाला चौदा टन. बघ, एकाच आकड्यातून दोन्ही फायदे निघाले, वेगळं काही करावं लागलं नाही.

पण त्याआधी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत कारण त्यात त्यांचं कमिशन नाही. आधी वापर कमी करायचा, मग सोलर. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. एलईडी बल्ब सरकारी खरेदीत २०१४ ला ३१० रुपयांना पडायचा, २०१६ मध्ये ३८ वर आला, आणि मग तो चाळीत, झोपडीत, सगळीकडे गेला, कुणाला हवामानबदलावर भाषण द्यावं लागलं नाही. स्वस्त झालं की लोक घेतात. सोलरचंही तेच, मोठ्या प्रकल्पांचा दर २०१०-११ ला युनिटला दहा रुपयांच्या वर होता, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे.

आणि मुंबईची खास भानगड म्हणजे रिडेव्हलपमेंट. चाळीस वर्षांची बिल्डिंग, बिल्डरशी बोलणी चालू, आणि कमिटीला सोलर पाहिजे. हात जोडून नाही सांगायचं. किंवा नटबोल्टचं, सुटं करून नेता येईल असं स्ट्रक्चर द्यायचं आणि तसं लिहून घ्यायचं. मी तीन कामं अशी सोडली, बायको ओरडली, पण ठीक आहे. कबुतरांबद्दल तर बोलतच नाही, त्यांच्यावर वेगळं पत्र होईल.

आता जरा मागे जातो, कंटाळू नकोस. स्वच्छ वीज मुंबईला नवीन नाही गं. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी घाटाखाली सोडून वीज, आणि ती गिरण्यांना. तोपर्यंत गिरण्या कोळशाच्या वाफेवर, तो कोळसा लांबून आणायचा, महाग पडायचा. खर्चाचं गणित जमलं म्हणून वीज आली, परळ-लालबागचा धूर कमी झाला तो वरचा नफा. पण पुढचं पण वाच. त्याच विजेसाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ ला सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. शेवटी धरण झालंच, ते पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीज केंद्राला उतरतं आणि वीज मुंबईला येते. म्हणजे दिवे लागले दादरला आणि शेतं बुडाली मुळशीत. तू उद्या पाचशे मेगावॅटच्या सोलर पार्कवर काम करशील, तेव्हा ती जमीन कुणाची होती, पडीक म्हणून दाखवलेली गुरचरण होती का, एवढं विचारायला लाजू नकोस. गच्ची मला म्हणून आवडते, तिथून कुणाला उठवावं लागत नाही. फार तर पापड वाळवणाऱ्या काकू चिडतात, मग स्ट्रक्चर आठ फूट उंच घ्यायचं, खाली पापड, वर वीज.

मग तुझ्यासारखीला खरं काम कुठे आहे? संध्याकाळी सातला. २०२५ च्या जूनअखेर देशाची निम्मी वीजनिर्मिती क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर गोष्टींची झाली, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधी गाठलं, पेपरात मोठं छापून आलं. पण प्रत्यक्ष तयार झालेली युनिटं मोज, अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. कारण सूर्य मावळतो तेव्हाच लोक घरी येऊन एसी लावतात. ट्रॉम्बेच्या वीज केंद्राची चिमणी बंद व्हायची तर दुपारची वीज रात्रीपर्यंत धरून ठेवता आली पाहिजे, आणि चेंबूर-माहुलच्या माणसाला फायदा पोचेल तो तेव्हाच. धरून ठेवायची एक जुनी पद्धत आपल्या दारात आहे. शहापूरकडे घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प, वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. भिऱ्यालाही तसा १५० मेगावॅटचा संच आहे. दुसरी पद्धत बॅटरी, एक युनिट साठवायच्या लिथियम पॅकला २०१० मध्ये हजार डॉलरच्या वर लागायचे, २०२४ मध्ये ११५. हा उतार बघून मला २०१५ आठवतं. पुढची दहा वर्षं सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ईव्ही चार्जर, बॅटरी, गच्चीवर पॅनल आणि सगळ्याचा लोड सांभाळणारं कुणीतरी, असं काम निघणार आहे. कोडिंग येणारं आणि केबलला हात लावायला न घाबरणारं माणूस मला तरी सापडत नाही. हायड्रोजनचं म्हणशील तर खत आणि पोलादाच्या कारखान्यांना त्याचा उपयोग आहे, स्कूटरसाठी कुणी सांगितलं तर हो हो म्हणून चहा पिऊन निघून ये.

ऑफरचं काय? घरचा हप्ता असेल तर आयटी घे, वर्षभर पैसे साठव, शनिवार-रविवार माझ्याकडे ये. हप्ता नसेल तर सरळ साइटवर ये, पगार सुरुवातीला कमी असेल, खोटं नाही सांगत. पण दोन वर्षं क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं), अर्थिंग, बिल वाचणं हे हाताने कर. उन्हात पॅनल बंद करायचं बटण नसतं, आणि पॅनलमधल्या डीसी करंटचा आर्क, म्हणजे तारेतून उडणारी ठिणगी, घरातल्या एसी करंटसारखा आपोआप विझत नाही, एक ढिला कनेक्टर गच्चीवर आग लावू शकतो, हे लॅपटॉपवर बसून अंगात भिनत नाही.

येत्या रविवारी मुलुंडला एक सर्व्हे आहे, सकाळी आठ. रबरी तळव्याचे बूट, टोपी, पाण्याची बाटली. आणि तुमच्या सोसायटीच्या कॉमन मीटरची दोन बिलं घेऊन ये, एक मेचं आणि एक डिसेंबरचं, तुझ्या आईला सांग ट्रेझररकडून मागून घ्यायला, ते माझं नाव ऐकून देणार नाहीत.

काका