लाल दिव्यानंतरचे तीन किलोमीटर

प्रश्न : मिस्त्रीकाका, मे महिन्यात आम्ही सांगलीहून गुहागरला गेलो होतो. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. येताना गाडीत आम्ही दोघं, सासूबाई, दोन मुलं आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना समोर लाल दिवा लागला, तो आधी मुलीने पाहिला. हे म्हणाले, "घाटमाथा आलाच, तिथे चहा घेऊ, तोवर गाडीही गार होईल." तीनेक किलोमीटरवर गाडीने मान टाकली. बॉनेटमधून वाफच वाफ. मुलाने चाकामागे दगड लावला. ह्यांनी घाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. सासूबाईंनी वर टूथपेस्ट चोपडली. मग प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या इंजिनवर ओतल्या, तरी काही नाही. गाडी टो करून कराडला आणली. हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलं, हेडला फेसिंग मारलं, म्हणजे घासून सपाट केलं, बिल २८ हजार. हे म्हणतात, तुझ्या एसीने घात केला. खरंच का? आणि गॅरेजवाल्याने फसवलं तर नाही? बिलाचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी एसीचं बघू, कारण घरातली शांतता त्यावर अडलेली दिसते. एसीने इंजिनवर भार येतो हे खरं. शिवाय एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, तिची गरम हवा मागे रेडिएटरवर येते. पण धडधाकट गाडी मे महिन्यात, भरल्या डिकीने, एसी लावून कुंभार्ली चढते. चढायलाच हवी. तुमची आजारी होती आणि घाटाने ते उघडं पाडलं.

एसी बंद करायला हवा होता तो दिवा लागल्यावर, आणि त्याच क्षणी गाडीही थांबवायला हवी होती. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. गार इंजिनाला निळा दिवा आणि एकदम लाल. काटा असला की तो चढताना दिसतो, माणूस सावध होतो. लाल दिवा लागतो तेव्हा मात्र इंजिन आधीच मर्यादेबाहेर तापलेलं असतं. तुमचं २८ हजारांचं बिल त्या तीन किलोमीटरचं आहे. लेकीचं ऐकलं असतं तर बहुधा कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायचं द्रव, आणि एखाद्या पाइपवर भागलं असतं.

थांबायला जागाच नसेल, म्हणजे ऐन वळणावर असाल, तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल. मे महिन्यात हीटर! माणसं घामाघूम होतात, पण इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते आणि पुढच्या रुंद जागेपर्यंत गाडी निभावते.

झाकणाचं. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढली, भाजलेले हात पुष्कळ पाहिले. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून बाहेर येतं. किमान अर्धा तास थांबायचं, जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करायचं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी तर कधीच नाही. हेड ॲल्युमिनियमचं, ते वाकतं, तडकतं. त्या दोन बाटल्या यजमानांच्या हातावर ओतायच्या होत्या. भाजल्यावर पाणीच, तेही बराच वेळ. सासूबाईंचा राग येऊ नये म्हणून हळू आवाजात सांगतो, टूथपेस्ट नको.

आता फसवणूक. बिल पाहिलं. गॅसकेट, फेसिंग, ऑइल, कूलंट, मजुरी. हेड उतरवायचं काम मोठं असतं, रक्कम ऐकून मी दचकलो नाही. दचकलो वेगळ्याच गोष्टीने. गाडी गरम का झाली, याचं उत्तर त्या बिलात कुठेच नाही. रेडिएटर नाही, पंखा नाही, वॉटर पंप नाही, थर्मोस्टॅट नाही, साधा होज पाइपही नाही. गॅसकेट जाणं हा परिणाम. कारण अजून गाडीतच बसलेलं असेल, तर पुढच्या घाटात हेच पुन्हा. गॅरेजमध्ये जाऊन भांडू नका, एवढंच विचारा : "पाणी कुठून कमी झालं?"

एक तपासणी घरीच करा. गाडी उभी ठेवून सुरू करा, एसी लावा, बॉनेट उघडा. रेडिएटरमागचा पंखा फिरायला हवा. घाटात गाडी हळू असते, वारा लागत नाही, सगळा भार त्या पंख्यावर. फिरला नाही तर फ्यूज, रिले किंवा मोटर. ओढणी आणि हात लांब ठेवा, तो मनात येईल तेव्हा सुरू होतो. कूलंटची बाटली सकाळी गार गाडीत बघा, महिनाभर दर रविवारी. पातळी खाली जात असेल तर नुसतं नळाचं पाणी भरून गप्प बसू नका. त्याने आत गंज आणि क्षार धरतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका दिसला, तर गाडी हलवू नका.

आणि तुमच्या मुलाने चाकामागे लावलेला दगड. अगदी बरोबर केलं त्याने, शाबास. पण गाडी टो करून नेताना तो कुणी बाजूला केला का? रात्री मोटारसायकलवाला त्या वळणावर येतो, त्याला तो दिसत नाही.