‘त्याला फाशीच हवी’ या वाक्याच्या पुढे

प्रिय,

फाशीची शिक्षा नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य, यावर तुला लेख लिहायचा आहे आणि माझं मत तू विचारलंस. ते आधीच सांगणं बरं, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे हे तुला ठाऊक असेल. मला ती अयोग्य वाटते. पण अयोग्य म्हणणारे बरेचजण ज्या वाटेने या मतापर्यंत येतात ती वाट कच्ची असते, आणि पहिल्याच अवघड प्रश्नाला त्यांचं मत ढासळतं. तुझं मत काहीही होवो, योग्य असंही होवो, पण ते असं ढासळू नये.

सुरुवात सर्वांत वाईट गुन्ह्यापासून कर. बळी लहान मूल आहे, पुराव्यात शंकेला जागा नाही, गुन्हेगाराला पश्चात्ताप नाही. असा गुन्हा डोळ्यांसमोर ठेव आणि तपशील कागदावर उतरव. फाशीच्या विरोधातलं लेखन बहुतेक वेळा निरपराध माणसाच्या हकिगतीने सुरू होतं. वाचक तिथेच ओळखतो की अवघड जागा टाळली आहे. त्या मुलाच्या आईसमोर बसून जे बोलवणार नाही, ते कागदावरही लिहू नकोस.

मग प्रश्न फोड. या माणसाने मरणाच्या लायकीचं कृत्य केलं आहे का, हा एक प्रश्न. केलं असेल तर राज्यसंस्थेने त्याला मारलंच पाहिजे का, हा दुसरा. त्याला मारल्याने आणखी कुणाचा जीव वाचतो का, हा तिसरा. आणि मरणाला लायक कोण हे माणसांनी चालवलेली न्यायव्यवस्था खात्रीने निवडू शकते का, हा चौथा. बहुतेक वाद तापतात ते पहिल्याचं उत्तर चौथ्याला दिल्यामुळे. ‘त्याने काय केलं ते बघा’ हे वाक्य पहिल्या प्रश्नापुरतं खरं आहे. चौथ्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पहिल्या प्रश्नावर विरोधी, म्हणजे फाशी हवी म्हणणाऱ्या, बाजूची सर्वांत भक्कम मांडणी जर्मन तत्त्वज्ञ कांटची आहे. एखादा समाज आपखुशीने विसर्जित होऊन बेटावरून निघून जाणार असला, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी मृत्युदंड दिलाच पाहिजे, असं तो म्हणतो. हे सूडाचं बोलणं म्हणून झटकू नकोस. शिक्षा देणं म्हणजे गुन्हेगाराला जबाबदार माणूस मानणं, हा त्यातला गाभा आहे आणि तो मला पटतो. त्याचा उपयोगही आहे: जेवढा गुन्हा तेवढीच शिक्षा म्हटलं की शिक्षेला वरची मर्यादा पडते.

अडचण पुढे येते. गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा म्हणजे गुन्ह्याची नक्कल नव्हे. छळ करणाऱ्याचा आपण छळ करत नाही, घर जाळणाऱ्याचं घर जाळत नाही. सर्वांत मोठ्या गुन्ह्याला सर्वांत मोठी शिक्षा असावी एवढंच या तत्त्वातून निघतं. सर्वांत मोठी शिक्षा कोणती, हे आपण वेगळं ठरवायचं असतं. ती मृत्यूच असली पाहिजे, हे लायकीच्या युक्तिवादातून आपोआप निघत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणूनही दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे जरब बसते का यावर, फार वेळ घालवू नकोस. 1975 मध्ये आयझॅक अर्लिक या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेची आकडेवारी मांडून एका फाशीमागे सुमारे 8 खून टळतात असा निष्कर्ष काढला होता. त्यावर पुढे दोन्ही बाजूंनी ढीगभर अभ्यास झाले. 2012 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने ते तपासून सांगितलं की धोरण ठरवताना यातला एकही वापरू नये. कारणं लक्षात ठेव: फाशी नसती तर जी दुसरी शिक्षा झाली असती तिचा परिणाम या अभ्यासांनी धरलाच नव्हता, आणि खुनी माणूस धोक्याचा हिशेब कसा करतो याबद्दलची त्यांची गृहीतकं टिकणारी नव्हती. म्हणजे जरब बसते हेही सिद्ध नाही आणि बसत नाही हेही नाही. ‘फाशीने गुन्हे कमी होत नाहीत हे सिद्ध झालं आहे’ असं वाक्य तुझ्या लेखात दिसलं तर खोडून टाक. शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती होणार याची खात्री किती, यावर जरब अवलंबून असते, असं बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच म्हटलं होतं. एवढं पुरेसं आहे. खर्चाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी सोडून दे. माणसाला मारावं की नाही, हे हिशेबाच्या वहीत ठरत नाही.

आता चौथा प्रश्न. खरा मुक्काम इथे कर.

चूक दोन प्रकारची असते. पहिली सगळ्यांना कळते: भलत्याच माणसाला शिक्षा. टिमथी एव्हान्सला लंडनमध्ये 1950 मध्ये फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घरात राहणारा माणूस अनेक खुनांचा गुन्हेगार निघाला. हा माणूस एव्हान्सच्या खटल्यात सरकारी बाजूचा महत्त्वाचा साक्षीदार होता. एव्हान्सला माफी मिळाली 1966 मध्ये, मृत्यूनंतर. जपानमध्ये इवाओ हाकामादाला 1968 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला आणि तो निर्दोष ठरला 2024 मध्ये. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहा जणांची फाशी पक्की केली. त्यांतल्या तिघांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती, ती वाढवून फाशी केली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि तो धागा कुणी पुढे नेला नव्हता. चुका इथेच होतात: ओळख पटवण्यात, कोठडीतल्या कबुलीत, शिक्षेत सवलत मिळण्यासाठी दिलेल्या साक्षीत, कच्च्या न्यायवैद्यक अहवालात. गुन्हा जितका भीषण तितकी अटकेची घाई जास्त, म्हणून चुकीची शक्यताही जास्त. फाशी नेमकी याच खटल्यांत मागितली जाते.

दुसऱ्या प्रकारची चूक कमी दिसते आणि मला ती जास्त गंभीर वाटते. माणूस दोषीच असतो, पण त्यालाच फाशी का आणि शेजारच्या कोठडीतल्याला जन्मठेप का, याचं कारण सांगता येत नाही. 1980 मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला: फाशी घटनाबाह्य नाही, पण ती विरळात विरळ खटल्यातच द्यावी, तीही दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाल्यावर. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासावा, आणि तो सुधारण्यापलीकडचा आहे हे सरकारने पुराव्याने दाखवावं. कागदावर कसोटी चांगली आहे. पण 1990 च्या दशकात त्याच न्यायालयाच्या एका निकालाने फक्त गुन्ह्याकडे पाहावं असं म्हटलं. 2009 मध्ये न्यायालयानेच तो निकाल बचनसिंगशी विसंगत ठरवला. तोवर त्या खटल्यातल्या माणसाला 1996 मध्ये फाशी होऊन गेली होती, आणि मधल्या काळात त्या निकालाचा आधार घेऊन आणखी काहींना फाशी सुनावली गेली होती. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा 13 कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली.

त्याआधीचं 1982 चं हरबन्ससिंग प्रकरण तर वाचच. तिघे आरोपी, गुन्हा एकच, भूमिकाही सारखीच. तिघांच्या याचिका वेगवेगळ्या पीठांपुढे गेल्या. एकाची शिक्षा कमी झाली, एकाला 1981 मध्ये फाशी झाली, आणि तिसरा ऐन वेळी मिळालेल्या स्थगितीने वाचला. बचनसिंग खटल्यात वेगळं मत देणारे न्यायमूर्ती भगवती हेच सांगत होते: जगणं किंवा मरणं पीठात कोण बसलं आहे यावर ठरतं.

फाशीचं निकालपत्र हाती आलं की ते तू स्वतःच वाचून बघ; फक्त क्रम लक्षात ठेव. आधी दोन तारखा शोध: दोषी ठरवल्याची आणि शिक्षा सुनावल्याची. दोन्ही एकाच दिवशीच्या असतील तर आरोपीचं आयुष्य न्यायालयापुढे मांडायला बचावपक्षाला किती तास मिळाले, याचा अंदाज बांध. मग शिक्षेच्या भागात किती परिच्छेद गुन्ह्यावर आहेत आणि किती माणसावर, ते मोज. माणसावर बहुधा एकच वाक्य सापडतं: तरुण आहे, गरीब आहे, पूर्वीचा गुन्हा नाही. तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, मानसिक तपासणी, बालपण, शिक्षण, घरची स्थिती यांपैकी काय काय आहे ते बघ. 2022 च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खालच्या न्यायालयातच गोळा करायला सांगितलं आहे. सुधारणा अशक्य असल्याचा पुरावा सरकारने दिला आहे का, हे शेवटी बघ. त्याऐवजी ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ असे शब्द भेटतील. ते 1983 च्या माछीसिंग निकालापासून चालत आले आहेत. समाजाला काय वाटतं हे कोणत्या साक्षीने सिद्ध झालं, हे त्या पानावर कुठेही नसतं. अशी पाच-सहा निकालपत्रं वाचलीस की निवड किती डळमळीत आहे हे कुणी सांगायची गरज उरणार नाही.

पर्यायाचा विचार मात्र प्रामाणिकपणे कर, कारण फाशी मागणाऱ्या अनेकांच्या मनात खरी भीती ‘हा 14 वर्षांनी सुटेल’ ही असते. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेलं सगळं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती, त्यात सरकारला शिक्षेत सूट देऊन कैद्याला सोडायचं असेल, तर त्याआधी किमान 14 वर्षं तुरुंगात काढलेली असावी लागतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या स्वामी श्रद्धानंद निकालाने आणि 2015 मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने, ठरावीक वर्षं किंवा मरेपर्यंत सूट न देता जन्मठेप देण्याचा मार्ग मान्य केला. पण हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. खुनाच्या खटल्यात सत्र न्यायाधीशापुढे सहसा साधी जन्मठेप आणि फाशी हे दोनच पर्याय उरतात, आणि सौम्य शिक्षा दिल्याचा ठपका नको म्हणून पारडं फाशीकडे झुकतं. मरेपर्यंत कैद हीसुद्धा क्रूर आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. पण तुरुंगात असलेल्या माणसाच्या बाबतीत झालेली चूक उरलेल्या वर्षांपुरती तरी थांबवता येते.

बळीच्या घरच्यांबद्दल लिहिताना ‘त्यांना सूड हवा आहे’ असं लिहू नकोस. सगळ्यांना एकच गोष्ट हवी नसते. फाशीच्या खटल्यात अपील, पुनर्विलोकन, दयेचा अर्ज असं वर्षानुवर्षं चालतं, आणि प्रत्येक तारखेला त्यांना तो दिवस पुन्हा जगावा लागतो. तपास वेळेत झाला का, साक्षीदाराला संरक्षण मिळालं का, सरकारी वकिलाने खटल्याची माहिती त्यांना दिली का, नुकसानभरपाई हातात पडली का, हे विचार. तुझा निष्कर्ष फाशीच्या बाजूचा असला तरीही हे प्रश्न लेखात हवेत.

बचनसिंगचा बहुमताचा निकाल आधी वाच, भगवतींचं मत नंतर. त्यानंतर संविधान सभेतलं 3 जून 1949 चं डॉ. आंबेडकरांचं भाषण काढ. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाची तरतूद असावी का यावर चर्चा चालू होती, आणि त्यापेक्षा फाशीच रद्द करणं आपल्याला अधिक पसंत पडेल असं ते म्हणाले. तिन्ही वाचून झालं की चार प्रश्नांची तुझी उत्तरं प्रत्येकी एका परिच्छेदात लिही आणि मला पाठव. पहिल्याचं उत्तर सर्वांत शेवटी लिही.

सस्नेह आशीर्वाद.