दोन्ही पोती विरघळणारी, मग ड्रममध्ये पांढरा साका आला कुठून?

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०० लिटरच्या ड्रममध्ये ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट एकत्र ढवळलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं, थोड्या वेळाने तळाला साका बसला, तरी वरचं पाणी तुम्ही व्हेंच्युरीतून (ड्रममधलं खत ठिबकच्या लाइनीत ओढून घेणारी नळी) सोडलं आणि आता कितीतरी ड्रीपर बंद आहेत. दोन्ही पोत्यांवर 'पूर्णपणे पाण्यात विरघळणारे' असं छापलंय, तेव्हा माल बनावट आहे का? आणि दुसरं, बोर्डोसुद्धा, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीवर फवारायचं मिश्रण, साका धरतो, मग तो कसा चालतो?

दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. माल चांगला असला तरी हेच होणार होतं. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, विद्राव्यतेचे तक्ते फळ्यावर लिहिले, आणि घरच्या द्राक्षबागेत पहिल्याच हंगामात अगदी हेच करून बसलो. वर्गातलं ज्ञान बांधावर यायला वेळ लागतो.

पोत्यावर लिहिलेलं असतं ते त्या एकट्या खताबद्दल. पण पाण्यात पडलं की कॅल्शियम नायट्रेट हे जोडनाव संपतं. कॅल्शियम सुटं होतं, नायट्रेट सुटं होतं. मॅग्नेशियम सल्फेटचंही तसंच. आता ड्रममध्ये चार भिडू मोकळे फिरतायत, आणि कोण कुठल्या पोत्यातून आला याचं पाण्याला काही देणंघेणं नाही. त्यांतले कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना भेटले की जिप्सम तयार होतं, आणि जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. मॅग्नेशियम सल्फेट त्याच एका लिटरात ७०० ग्रॅमपर्यंत विरघळतं, कॅल्शियम नायट्रेट तर किलोच्याही वर. दोन चांगले विरघळणारे पदार्थ मिळून एक न विरघळणारा जन्माला येतो तो असा.

तुमच्याच ड्रमचा हिशेब करून पाहिला. ५ किलो मॅग्नेशियम सल्फेटमधलं सगळं सल्फेट कॅल्शियमला भेटलं तर साधारण साडेतीन किलो जिप्सम होतं. २०० लिटर पाणी त्यातलं अर्धा किलोच्या आसपास पोटात ठेवेल. उरलेलं तीनेक किलो तुमचा साका. म्हणजे पैसे देऊन आणलेलं बरंचसं कॅल्शियम ड्रमच्या तळाशी बसलं.

इथे फिल्टरचा एक घोळ आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जे विरघळलंय ते कुठल्याच जाळीत अडकत नाही. ड्रीपच्या फिल्टरची जाळी साधारण १३० मायक्रॉनची, तर विरघळलेले कण एका मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान. त्यामुळे निवळ दिसणारं पाणी फिल्टर ओलांडतं आणि साका पुढे लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रीपर असलेल्या ओळीच्या नळीत, बसत राहतो. जिप्समला द्रावणातून बाहेर पडायची घाई नसते. पाणी वरून स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असं धरून चालू नका.

बारा एकसष्ट किंवा झिरो बावन्न चौतीस ही फॉस्फेटवाली खतं कॅल्शियमबरोबर टाकली तरी हीच गत, फक्त जिप्समऐवजी कॅल्शियम फॉस्फेट बसतं. विहिरीचं पाणी जड (क्षारांचं) असेल तर कॅल्शियम पाण्यातच हजर असतं. मग एकटं बारा एकसष्टही पाणी गढूळ करू शकतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये तर जिप्सम आधीपासूनच असतं, ते ड्रीपच्या ड्रममध्ये घालूच नये.

उपाय साधा आहे. कॅल्शियमचा ड्रम वेगळा, आणि सल्फेट-फॉस्फेटवाल्यांचा वेगळा. एकच ड्रम असेल तर दिवस वेगळे करा, मधे साध्या पाण्याने लाइन धुऊन घ्या. नवं मिश्रण करायचं असेल तर आधी काचेच्या बरणीत आपल्याच विहिरीच्या पाण्यात, ड्रमच्याच प्रमाणात करून बघा. दोन तास तसंच ठेवा, मग अंधारात बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. उजेडाची वाट पाण्यात ठळक दिसली तर आत न विरघळलेले बारीक कण तरंगतायत. खऱ्या द्रावणात ती वाट जवळजवळ दिसत नाही. शेततळ्याचं गढूळ पाणी दिवसभर ठेवूनही निवळत नाही, तुरटी फिरवली की निवळतं, तेही अशाच बारीक कणांमुळे. तसलं पाणी असेल तर चाचणीआधी ते गाळून, निवळून घ्या, नाहीतर दोष खताला लागेल.

थंडीचं वेगळं प्रकरण आहे. झिरो झिरो पन्नास (पोटॅशियम सल्फेट) २० अंशांना लिटरला ११० ग्रॅम विरघळतं, १० अंशांना ९०च्या आसपास. तेरा शून्य पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) तर ३१५ वरून २१० वर येतं. निफाडकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्री विरघळवून ठेवलेलं घट्ट द्रावण सकाळी तळाला खडे धरतं. ते खडे म्हणजे तेच खत. ऊन आलं, ढवळलं की परत विरघळतं. जिप्सम मात्र ऊन दाखवलं म्हणून विरघळत नाही. आणि युरिया विरघळताना पाणी गार पडतं, हाताला कळतं. म्हणून झिरो झिरो पन्नास आधी, युरिया नंतर.

आता बोर्डो. तिथे आपल्याला द्रावण नकोच असतं. नुसतं मोरचुदाचं द्रावण फवारलं तर पान करपतं. चुन्याच्या निवळीत मोरचूद ओतलं की तांबं न विरघळणाऱ्या बारीक निळ्या कणांत बदलतं, ते पानावर चिकटून राहतात आणि दवात थोडं थोडं तांबं सोडतात. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण शिंपडत. नेमक्या त्याच वेलींवर केवडा (डाउनी मिल्ड्यू) कमी आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८२ साली हेरलं, आणि १८८५ मध्ये ते जाहीर केलं. चोरांचे उपकार म्हणायचे! फक्त हे निलंबन आहे, म्हणजे कण पाण्यात विरघळलेले नसून नुसते तरंगतायत, म्हणून फवारताना पंपातलं ढवळणं थांबवायचं नाही आणि त्याच दिवशी संपवायचं. शिळं झालं की कण जाड होतात, चिकटत नाहीत. ड्रीपमधून बोर्डो सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या.

राहिले तुमचे ड्रीपर. एक ड्रीपर फोडून आतली पांढरी पूड काचेवर घ्या आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट, म्हणजे दुखणं जुनं आणि पाण्याचं आहे. न फसफसता विरघळली तर बहुधा फॉस्फेट. या दोन्हींवर आम्लाची प्रक्रिया लागू पडते. जशीच्या तशी राहिली तर जिप्सम, आणि तुमच्या बाबतीत मला तीच शक्यता जास्त वाटते. तिथे आम्लावर पैसे घालवू नका. सल्फ्युरिक तर मुळीच नको, त्यात सल्फेटच असतं, साका वाढेल. साका ताजा आहे तोवर लॅटरलची टोकं उघडून एकेक ओळ पूर्ण दाबाने फ्लश करा. चोंदलेले ड्रीपर काढता येणारे असतील तर बादलीभर साध्या पाण्यात भिजत घालून रोज पाणी बदला; तीन किलो जिप्सम विरघळायला हिशेबाने बाराशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेव्हा एका दिवसात गुण येणार नाही. ड्रीपर आतच बसवलेली इनलाइन नळी असेल तर आधी टोकाकडच्या दोन ओळींवर फ्लश करून बघा. त्या सुटल्या नाहीत तर बाकीच्यांवर मजुरी घालवण्यापेक्षा नळी बदललेली स्वस्त पडेल.