आजीचा गुरगुट्या भात आणि तुझी मिडटर्म

मनू,

तुझा परवाचा मेसेज वाचला. मिडटर्म जवळ आली की पोटात गोळा येतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, आणि आजीला फोन केला तर तिचं एकच, गुरगुट्या भात कर, तूप-मेतकूट घाल, झोपताना जायफळाचं दूध पी. वर तू विचारतेस की बाबा ह्याने खरंच नर्व्हस सिस्टीम शांत होते की नुसती मनाची समजूत?

थोडं थोडं दोन्ही. आजीचा सगळा हिशोब आयुर्वेदातल्या वाताचा आहे. चरकसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, त्यात वाताचे गुण दिलेत, कोरडा, हलका, गार, सारखा हलणारा वगैरे, आणि उपाय काय तर त्याच्या उलट द्यायचं, गरम, मऊ, स्निग्ध. आता तुझा दिवस बघ, बाहेर बर्फ, आत हीटरची कोरडी हवा, लॅपटॉपसमोर फ्रिजमधलं गार सँडविच आणि जेवणाच्या जागी कॉफी! आजीने फोनवरच नाडी ओळखली म्हणायची.

तर भात. बासमती नको गं, तो मोकळाच राहतो, सोना मसुरी घे, आंबेमोहोर मिळाला तर मजाच. अर्धी वाटी तांदळाला अडीच-तीन वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर हिंग, इन्स्टंट पॉटला पंधरा मिनिटं, वाफ आपोआप जिरू दे. मग पळीने चांगला घोट, ताटलीत वाढला की आपोआप पसरला पाहिजे, ढीग राहिला तर अजून गरम पाणी घाल. मेतकूट शिजवायचं नाही, त्यातल्या डाळी, तांदूळ, गहू सगळं आधीच भाजून दळलेलं असतं, वरून भुरभुरायचं आणि चमचाभर तूप, इथे डाएट काढू नकोस. लिंबाच्या लोणच्याची फोड हवीच.

पण मला विचारशील तर खरा उपाय खाण्याच्या पद्धतीत आहे. त्याच चरकसंहितेच्या विमानस्थान नावाच्या भागात जेवायचे नियमच दिलेत, गरम खा, बेताचं खा, आधीचं पचल्यावर खा, फार भराभर नको, फार रेंगाळत नको, न बोलता न हसता मन लावून खा. आता तो वाफाळता भात फोनवर स्क्रोल करत खाता येतो का, जीभ भाजते, फुंकर मारत सावकाशच खावा लागतो. तेवढा वेळ तरी तू परीक्षेतून बाहेर असतेस, आणि पोट भरलं की रिकाम्या पोटी कॉफी ढोसून होणारी ती थरथरही कमी होते. त्या सात डॉलरच्या टर्मरिक लाटेत, म्हणजे कॅफेतल्या हळदीच्या दुधात, हे काही नाही, कागदी कपातून पळत पळत प्यायची ती.

जायफळाचं मात्र जपून. आजी सहाणेवर उगाळते, दोनच वेढे, तू बारीक किसणीवर अगदी चिमूटभर किस, गरम दुधात घाल आणि बास. जास्त घातलं की जास्त झोप असं नसतं, उलट चक्कर येते, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं.

आणि दोन आठवडे असंच चाललं, झोपच नाही, तर सरळ कॉलेजच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे, आजीला मी सांगतो काय सांगायचं ते. मेतकुटाचा डबा काल कुरियर केलाय, रूममेटला दे पण सगळा संपवू देऊ नकोस.

बाबा